मनकर्णाताईंची यात्रांची वही

सुप्याच्या एमआयडीसीत काम मागायला येणाऱ्या माणसाला सगळीकडे पहिला प्रश्न शिक्षणाचा विचारतात. मनकर्णाताई ठुबे यांच्या ऑफिसात तो तिसरा प्रश्न असतो. पहिला, "गाव कोणतं?" आणि दुसरा, "गावचा देव कोणता, यात्रा कधी असते?"

आलेला माणूस हातातली फाईल सावरत एकदा ताईंकडे बघतो, एकदा भिंतीवरच्या मोहटादेवीच्या फोटोकडे. आपण चुकून वर्गणीवाल्यांकडे आलो, असं त्याला वाटतं. एका पोराने तर उघडच विचारलं होतं, "काकू, नोकरी इथंच मिळती ना?"

"इथंच मिळती. बस. आधी देव सांग."

हा प्रश्न ताईंना कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवला नाही. एका चुकीतून तो आला, आणि ती चूक झाली तेव्हा मी त्यांच्याकडेच कामाला होते. म्हणून ही हकिगत मी लिहिते आहे.

आमचं काम माणसं पुरवायचं. कंपन्यांना कामगार लागतात. ते शोधायचे, बोलवायचे, मुलाखतीला उभे करायचे, आणि कामावर लागल्यावर टिकतात का ते बघायचं. पहिल्या तीन गोष्टी कुणालाही जमतात. चौथीत भलेभले हात टेकतात. नगर-पुणे रस्त्याला पंक्चरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक फॅन, चार मोबाईल. सकाळी ताई उदबत्ती लावतात, दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहतात आणि मग पहिला फोन उचलतात. देवापाशी काय मागता, असं मी एकदा विचारलं होतं. "मागत काय नाही गं," म्हणाल्या. "आज कुणाचं वाईट व्हायला नको माझ्या हातनं, एवढंच."

ताई दहावीपर्यंत गावच्या शाळेत शिकल्या. लग्न होऊन सुप्याला आल्या आणि गाडीचे पुढचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागल्या. एक दिवस पॅकिंगचा सुपरवायझर कँटीनच्या खिडकीशी उभा राहून कुरकुरत होता. बारा बायका हव्यात, गेटवर बोर्ड लावून महिना झाला, कुणी फिरकत नाही. ताईंनी तव्यावरची चपाती उलटली आणि म्हणाल्या, "परवा आणते."

परवा चौदा बायका गेटवर उभ्या होत्या. सुपरवायझरला वाटलं, हिने जादू केली. जादू कसली? कुणाचं धाकटं पोर यंदा शाळेत जायला लागलं, कुणाच्या सासूचं दुखणं सरलं, कुणाचा दीर आता गाईंचं बघतो, हे ताईंना ठाऊक होतं. घरातून बाहेर पडायला कोण मोकळी झाली आहे ते बघून त्यांनी त्या दारात जाऊन विचारलं. गेटवरचा बोर्ड कुणाच्या दारात जात नाही.

तिथून हे काम सुरू झालं. पुढे लायसन्स काढलं, ऑफिस घेतलं. नवरा, रंगनाथभाऊ, टेम्पो चालवायचे. ते आता कामगारांची ने-आण करतात आणि बायकोला चारचौघांत मालकीणबाई म्हणतात. ताई त्यावर हसत नाहीत, पण रागावतही नाहीत.

आता चुकीचं सांगते. दिव्यांच्या त्याच कंपनीला एका वर्षी बावीस पोरं हवी होती. ताईंनी खडकमाळ नावाच्या एकाच गावातून बावीसच्या बावीस आणली. चांगली पोरं, आयटीआय झालेली, एकमेकांची ओळख, एकाच टेम्पोत येणारी-जाणारी. सहा महिने एक तक्रार नाही. एचआरचे कुलथेसाहेब स्वतः म्हणाले, "ताई, अशीच माणसं देत जा." ताईंना अभिमान वाटला. मलाही वाटला.

चैत्र वद्य अष्टमीला सकाळी सातच्या शिफ्टला बावीसपैकी एकही आला नाही.

लाईन बंद. कुलथेसाहेबांचे फोनवर फोन. पोरांचे मोबाईल वाजतात, कुणी उचलत नाही. अपघात झाला की काय, या भीतीने आम्ही टेम्पो काढून खडकमाळला गेलो. वेशीपाशीच टेम्पो थांबवावा लागला. ढोल, ताशे, रेवड्यांची दुकानं, आणि मधोमध गुलालाने लाल झालेली आमची बावीस पोरं. देवळापुढे भैरवनाथाची उंच काठी उभी होती, ती धरून सुनील पठारे उभा होता. सुनील म्हणजे आमच्या बावीसांतला सगळ्यात शहाणा पोरगा.

आम्हाला बघून त्याला आनंदच झाला. "काकू! या की! जेवूनच जायचं बरं का."

ताईंचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुनील, अरे, तिकडं लाईन बंद पडली. सुट्टी हवी होती तर सांगायचं होतंस. मुलाखतीत मी विचारलं नव्हतं का, सुट्ट्या लागतील का म्हणून?"

"इचारलं हुतं की. आमी न्हाई म्हनलो."

"मग हे काय आहे?"

सुनील गोंधळला. तो खोटं बोलत नव्हता, हे मी देवाला साक्षी ठेवून सांगते. त्याला खरंच कळत नव्हतं. "काकू," तो म्हणाला, "यात्रा काय सुट्टी व्हय?"

ताई देवळात गेल्या, भैरवनाथाला हात जोडले, आणि पुरणपोळी न खाता परत निघाल्या. टेम्पोत बसल्यावर म्हणाल्या, "पोरगं बरोबर बोललं. सुट्टी म्हणजे घरी पडून राहायचं. आज तो देवाच्या कामावर होता. मीच चुकीचं विचारलं."

रंगनाथभाऊ म्हणाले, "आन म्या म्हनलं हुतं, मालकीणबाई, आज खडकमाळची यात्रा हाय. तुमी म्हनल्या, गाडी नीट चालवा."

"आता तरी नीट चालवा," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुलथेसाहेबांपुढे उभं राहायचं होतं. साहेब तसे भले, पण त्यांनाही वर जाब द्यायचा असतो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बावीसांना कमी करायचं. दोन, पुढच्या मार्चमध्ये दुसरी लाईन सुरू होते आहे, तिची ऐंशी माणसं पुण्याची एजन्सी देईल, आणि जमलं तर पहिलीही तेच बघतील.

आमच्या ऑफिसचा सगळा संसार त्या एका कंपनीवर चालत होता. ती गेली की आम्ही गेलो.

ताई म्हणाल्या, "साहेब, पोरांना काढलं तर त्यांच्यासारखी पोरं पुन्हा आणाल, आणि ती पुढच्या अष्टमीला पुन्हा जातील. फक्त गाव बदलेल. पोरं ठेवा. पुढची ऐंशी मला द्या. सांभाळून दाखवते."

"कसं सांभाळाल?"

"ते आज ठाऊक नाही. वर्ष आहे हातात."

साहेबांनी पेन टेबलावर आपटत विचार केला. "ठीक. पोरं राहू देत. ऐंशी तुम्हालाच देतो. पण चैत्र महिनाभर मी हजेरी बघणार. एका जरी दिवशी पाचाच्या वर माणसं गैरहजर राहिली, तर दोन्ही लाईनी पुण्याकडे. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाल्या. जिना उतरताना मी विचारलं, "ताई, पाच म्हणजे फारच कमी नाहीत का?" तर म्हणाल्या, "बघू. हात-पाय धड आहेत, तोंड आहे, आणि वर तो आहे."

त्या आठवड्यात ताईंनी खाजाभाई तांबोळींना ऑफिसात बोलावलं. खाजाभाई चाळीस वर्षं जिल्ह्यातल्या यात्रांमध्ये रेवडी, गोडीशेव आणि जिलेबीचं दुकान लावतात. कोणत्या गावात कधी जायचं ते त्यांना तोंडपाठ, कारण चुकले तर माल अंगावर पडतो. चहा झाला, आणि आमच्याकडे नव्याने लागलेली निकिता भोस वही उघडून बसली. निकिता कर्जत तालुक्यातली, बीकॉम झालेली, बोलायला चुणचुणीत.

"लिव बेटा," खाजाभाई म्हणाले. "चैत्र पौर्णिमा, पिंपळदरा. भैरवनाथ. दुकानं देवळापासून वेशीपोतर. रेवडी लई खपती, जिलबी कमी."

"चाचा, जिलेबीचं पण लिहू?"

"लिव की. जिलबी कमी म्हंजी गावात शुगरवाले जास्त. तुमच्या डॉक्टरी तपासणीला उपेगी पडंल."

ताई सुद्धा हसल्या. निकिताने विचारलं, "तारीख काय चाचा?"

"तारीख मला इचारू नको. तारीख दर साल हालती. तिथी इचार."

असे तीन दिवस ते बसले. पारनेर, श्रीगोंदा, नगर, नेवासा, राहुरी. एकशे सदतीस गावं निघाली. आम्ही पंचांग घेऊन तिथीपुढे तारीख लिहिली. वहीत चार रकाने केले: गाव, देव, तिथी, आणि चौथा मान. चौथा रकाना ताईंचा. कुणाच्या घरी काठीचा मान असतो, कुणाकडे पालखी उचलायचा, कुणाकडे पहिल्या नैवेद्याचा. मान असलेल्या माणसाला तुम्ही दुप्पट पगार द्या, तो थांबणार नाही. मान नसलेला आला-गेला चालतो. हे गेटवर उभं राहून कळत नाही, माणसालाच विचारावं लागतं.

आणि गंमत बघा, सुट्ट्या लागतील का असं विचारलं की प्रत्येक जण मान खाली घालून "नाही" म्हणायचा. गावचा देव विचारला की तोच माणूस खुर्चीत सरळ बसायचा आणि सगळं सांगायचा. यात्रा कधी, मान कुणाचा, भावकीत वाद काय, घरी म्हातारं कोण, शेताला पाणी किती. अर्ध्या तासात माणूस कळायचा. हा टिकेल की नाही, ते त्यातच दिसायचं.

निकिताला शिकवायला मात्र ताईंना जड गेलं. ती पुण्याला कुठलासा कोर्स करून आली होती. कागदावर लिहून आणलेलं फोनवर वाचायची. "नमस्कार सर, आपल्यासाठी एक उत्तम संधी उपलब्ध आहे." समोरचा फोन ठेवून द्यायचा. अठरा फोन, अठरा नकार. एकोणिसाव्याला तिचे डोळे भरून आले.

ताईंनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तिला नकार दिलेलाच नंबर लावला. "कोण बोलतंय? मी सुप्याहून ठुबेकाकू बोलते. कांदा काढून झाला का रे?"

"न्हाई ओ काकू, अजून आठ दिवस हायेत. तुमी कोन?"

"कामाचं सांगणार होते, पण कांदा आधी. आठ दिवसांनी फोन करू का?"

"करा की. कशाचं काम हाय?"

झालं. तो पोरगा आठ दिवसांनी बहिणीलाही घेऊन आला. ताई निकिताला म्हणाल्या, "तो तुला नाही म्हणाला नव्हता. कांदा म्हणाला होता. नकार आला की नाव खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं. कांदा असेल तर कांद्यानंतर, बाळंतपण असेल तर सहा महिन्यांनी. आणि एक नकार मनात ठेवून दुसरा नंबर लावायचा नाही. पाणी पी, पदर नीट कर, मग लाव."

"मी ड्रेस घालते, ताई."

"मग ओढणी नीट कर."

दुपारी काम नसलं की रंगनाथभाऊंना खुर्चीत बसवून मुलाखतीचा सराव चालायचा. निकिता विचारायची, "तुम्हाला काय काम येतं?"

"बायको सांगंल ते."

आम्ही हसायचो. ताई गंभीरपणे विचारायच्या, "निकिता, हे खरं बोलतात की खोटं?"

"खरं बोलतात, ताई."

"मग यांना घे. पहिल्याच प्रश्नाला जो खरं बोलतो तो टिकतो. सव्वीस वर्षं टिकलेत."

मार्च उजाडेपर्यंत ऐंशी माणसं ठरली. एकोणतीस गावांची. कुठल्याही गावाची सातांपेक्षा जास्त नाहीत. खडकमाळच्या जुन्या बावीसांतली सोळा ताईंनी रात्रपाळीला लावून घेतली, म्हणजे यात्रेचा दिवस त्यांना मोकळा; दिवसपाळीला सहाच उरली. एका तिथीची दोन गावं ताईंनी शक्यतो घेतलीच नाहीत. त्या वर्षी चैत्राची सुरुवातच अवघड होती. शनिवारी शनी अमावस्या, रविवारी पाडवा, आणि चंद्र दिसला तर सोमवारी ईद. मार्च एंडमुळे रविवारीही लाईन चालू राहणार होती. शनिवारी नेवाशाकडचे चार जण शिंगणापूरला जाणार, ते वहीत होतंच. पाडव्याला आमच्या लाईनवरचे खातून, अमजद, अलिझा आणि आणखी दोघे जास्तीच्या शिफ्टला उभे राहिले. ईदेला त्यांच्या जागी पाडवा करून आलेली माणसं उभी राहिली. तीन दिवसांत गैरहजेरी चार, तीन आणि दोन. कुलथेसाहेबांनी कागदावर टिक केलेली मी पाहिली.

आम्हाला वाटलं, जिंकलो.

चैत्र पौर्णिमेच्या चार दिवस आधी पिंपळदऱ्याच्या बनुबाईचा ताईंना फोन आला. बनुबाई आमच्या लाईनवर दिव्याच्या काचा तपासायच्या. गावात पुजाऱ्याच्या घरी मयत झाली होती. गावाने बैठक घेऊन यात्रा पुढे ढकलली. "भैरवनाथाचीच तिथी पायजे म्हनून अष्टमी धरली, ताई," त्या म्हणाल्या.

वद्य अष्टमी. म्हणजे खडकमाळचाच दिवस. दिवसपाळीची खडकमाळची सहा माणसं आणि पिंपळदऱ्याची सात. तेरा. आणि आम्हाला मुभा पाचांची.

निकिता तर वही बंद करून बसली. "ताई, आता काय राहिलं? वर्षभर लिहिलं ते सगळं पाण्यात."

ताई म्हणाल्या, "मयत झाली तर गाव काय तुझ्या वहीला विचारेल? वही उघड. चौथा रकाना वाच."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ताईंनी तेराही जणांना कँटीनमध्ये बसवलं. लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, "सरळ सांगते. अष्टमीला तुम्ही तेरा जण गेलात तर कंपनी माझ्या हातातून जाते. मग मी नाही, आणि माझ्या जागी जो येईल तो तुमचा देव विचारणार नाही. जाऊ नका असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी मान आहे त्याने हात वर करा."

नऊ हात वर झाले.

"ओंकार, तुझ्याकडे कसला मान?"

"कुस्तीचा, काकू."

"गेल्या वर्षी पाच मिनिटांत चितपट झालास, तो?" सगळे हसले. ओंकारनेही हात खाली घेतला. आणखी दोघांनी न सांगताच खाली घेतले. सहा उरले.

मग ताईंनी वेगळंच विचारलं. "सुनील, तुमची काठी कळसाला कधी लागते?"

"सूर्य उगवताना. नऊपोतर समदं उरकतं. मग जेवनं आन आखाडा."

"बनुबाई, तुमच्या गावची पालखी कधी निघते?"

"दिवस मावळल्यावर, ताई. त्याआधी निवद, पर तो सासूबाई दाखवत्यात."

ताई काही क्षण बोटांवर मोजत राहिल्या. मग रंगनाथभाऊंकडे वळल्या. "अहो, खडकमाळहून इथं यायला किती वेळ?"

"यात्रेच्या दिवशी? दीड तास धरा."

"मग झालं. पिंपळदरावाले सगळे सातच्या शिफ्टला येतील, तीनला सुटतील, पालखीला हजर. खडकमाळवाले काठी लावून, जेवून, तीनच्या शिफ्टला येतील. सुट्टी कुणाचीच नाही. नुसती शिफ्टची अदलाबदल."

सुनील म्हणाला, "आन आखाडा?"

"आखाडा ओंकारच्या मानाबरोबर गेला," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला.

त्याच संध्याकाळी ताईंनी कुलथेसाहेबांकडून अदलाबदलीवर सही घेतली. साहेब म्हणाले, "ताई, आधी सांगताय म्हणून देतोय. पण तीनला गेटमधून आत नसतील तर गैरहजर."

अष्टमीला सकाळी सातला पिंपळदऱ्याचे सहा जण हजर झाले. सातवा तापाने फणफणला होता. याशिवाय त्या दिवशी इतर गावांचे तीन जण आधीच सुट्टीवर होते. म्हणजे चार झाले. आता खडकमाळच्या सहांपैकी एक चुकला तरी चालणार होता, दोन चुकले तर नाही.

एक वाजून गेला तरी टेम्पो निघाल्याचा निरोप नाही. रंगनाथभाऊंचा फोन आला, आवाजापेक्षा ताशाच जास्त ऐकू येत होता. "मालकीणबाई, पोरं बसली, पर रस्त्यात दुकानंच दुकानं. गाडी हालंना."

"खाजाभाई आहेत का तिथं?"

"म्होरंच हायेत."

"फोन द्या त्यांना."

ताईंनी काय सांगितलं ते मला अर्धंच ऐकू आलं. पण पुढे रंगनाथभाऊंनी दहा वेळा तरी सांगितलं, की खाजाभाईंनी जिलेबीची गरम कढई तशीच दोघांनी धरून बाजूला नेली, मांडवाचे बांबू उपटले, आणि पुढच्या पाच दुकानदारांना ओरडून सांगितलं, "सरका रे! सुनीलची शिफ्ट हाय!" यात्रेत आजवर पालखीसाठी दुकानं सरकली होती. शिफ्टसाठी पहिल्यांदाच.

पावणेतीनला टेम्पो गेटवर आला. ताई पुढे झाल्या आणि जागीच थांबल्या.

सहाही पोरं डोक्यापासून पायापर्यंत गुलालाने माखलेली. केसात गुलाल, कानात गुलाल, भुवयांत गुलाल. दिव्यांच्या लाईनवर काचेच्या आत धुळीचा एक कण दिसला तरी दिवा फेकून देतात. वॉचमनने काठी आडवी धरली. "आत न्हाई सोडनार. साहेबांचा हुकूम हाय."

वर्षभर आम्ही तिथ्या लिहिल्या, मान लिहिले, जिलेबी सुद्धा लिहिली. गुलाल कुणीच लिहिला नव्हता.

वर खिडकीत कुलथेसाहेब उभे होते, घड्याळाकडे बघत.

ताई तडक कँटीनच्या मागच्या दाराला गेल्या. "रंगुबाई!" रंगुबाई म्हणजे ताईंच्या वेळेपासून कँटीनमध्ये असलेल्या आचारीणबाई. त्यांनी पोरांकडे एक नजर टाकली आणि कळशी उचलणाऱ्या निकिताचा हात धरला. "पानी ओतू नको! रंग पसरंल. आधी फडक्यानं झाडा, मग त्याल, मग बेसन."

कँटीनच्या चार बायका, ताई, निकिता आणि मी. सहा मोठ्ठी मिशीवाली पोरं नळापाशी उकिडवी बसली. झटकलं, तेल चोपडलं, भज्यांचं बेसन चोळलं, मग साबण. सुनील ओरडला, "काकू, डोळ्यात गेलं!"

"जाऊ दे. देवाचा आहे, काही होत नाही. कान दाखव."

रंगनाथभाऊंनी टेम्पोतून पोरांच्या युनिफॉर्मच्या पिशव्या आणल्या. त्या मात्र ताईंनी सकाळीच टेम्पोत ठेवायला सांगितल्या होत्या. दोन वाजून छप्पन्न मिनिटांनी सुनील पहिला आत गेला. वॉचमनने त्याच्या कानामागे बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छच निघालं. शेवटचा सत्तावन्नला.

तीनचा भोंगा झाला. ताई नळापाशी तशाच बसल्या होत्या, कोपरापर्यंत लाल हात आणि पदराला बेसन. डोळे मिटून त्यांनी एकदाच हात जोडले. मग उठल्या आणि नळाखालची लाल झालेली फरशी खराट्याने स्वच्छ केली.

साहेब खाली आले. हातात हजेरीचा कागद होता. "चार," ते म्हणाले. "महिन्यातला शेवटचा अवघड दिवस हाच होता ना?"

"हो साहेब. पुढे वैशाखात अक्षय तृतीया आहे, तिचं बसवलंय. साखर कारखान्याकडच्या गावांच्या दोन यात्रा आहेत, त्यात तिघेच आहेत."

"ठीक आहे. दोन्ही लाईनी तुमच्याकडेच राहतील. पुण्याला मी कळवतो." एवढं बोलून ते जायला वळले, आणि मग पुन्हा थांबले. "ताई, त्या वहीत किती गावं आहेत म्हणालात?"

"एकशे सदतीस."

"माझं गाव नसेल त्यात. कर्जत तालुक्यात आहे, टोकाला. खंडोबा. पौष पौर्णिमा."

निकिताने मान वर केली. "सर, कोणतं? आमचं तिकडंच आहे!" साहेबांनी नाव सांगितलं. ते तिच्या मामाच्या शेजारचं गाव निघालं. तिने तिथल्या यात्रेत पाळण्यात बसून उलटी केली होती, तेही सांगून टाकलं. साहेब हसले. सात वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"नऊ वर्षं झाली, गेलो नाही," ते म्हणाले. "दर वेळी कंपनीत काहीतरी निघतं."

ताई म्हणाल्या, "लिही गं निकिता."

निकिताने ओले हात ओढणीला पुसले आणि वही उघडली. गाव लिहिलं, देव लिहिला, तिथी लिहिली. चौथ्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "सर, तुमच्या घरी मान कशाचा?"

साहेबांनी जरा आठवून बघितलं. "मान तसा काही नाही. आई आहे गावी. ती वाट बघते."

निकिताने ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "मग तेच लिही."